चिंबोरी आणि तिची माणसे

(पवईच्या रात्रीच्या वर्गात एका बाईंनी केलेले भाषण)



आज मला तुमच्यापुढे चार शब्द बोलायला सांगितले आहे. विषय कोणता घ्यावा, असे मी तुमच्या गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "बाई, तुम्हाला जे ठाऊक आहे ते सांगा. पुस्तकातले आम्ही शिकवतोच आहोत." मग मी ठरवले, आज चिंबोरीवर बोलायचे.

मागच्या ओळीत कुणीतरी हसले. हसा, हसा. खेकड्यावर कुणी भाषण करते का? पण मी त्या चिंबोरीच्या पैशांवर वाढले. माझ्या वह्या, माझी पाटी, माझ्या शाळेचा झगा, सारे तिने दिले. तेव्हा मी तिच्याविषयी बोलले तर बिघडले कुठे?

दोन वाटांनी येणारा खेकडा

आपल्या पवईत खेकडा दोन वाटांनी येतो. एक वाट डोंगराची आणि दुसरी खाडीची.

डोंगराची वाट तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. मिरगाचा पहिला पाऊस पडतो. ओहोळ वाहू लागतात. मग रात्री पाड्यावरचे पोरसोर बत्ती घेऊन निघते. पूर्वी टेंभे असत, मग कंदील आले, आता बॅटरी आली. दगड उलटायचा आणि खेकडा मागून धरायचा. हा गोड्या पाण्याचा खेकडा. काही गावांत त्याला मुठा म्हणतात. त्याची मादी पिल्ले पोटाशी धरून हिंडते. अंड्यातून थेट इवलेसे खेकडेच बाहेर पडतात. त्यांना समुद्र बघावाही लागत नाही.

दुसरी वाट खाडीची. इथून उगवतीकडे उतरत गेले, की कांजूर लागते. रेल्वेचे रूळ ओलांडा, मोठा रस्ता ओलांडा, की पुढे मिठागरे आणि तिवरांची झाडी. त्या झाडीपलीकडे ठाण्याची खाडी. तिथल्या चिखलात राहते ती चिंबोरी. मालवणकडे तिला कुर्ली म्हणतात. पुस्तकात खेकडा म्हणतात. पण आमच्या कोळी-आगऱ्यांच्या तोंडी चिंबोरीच.

माझी आत्या खाडीच्या काठी राहत असे. माझी आई पवईला दिलेली. आत्या डोक्यावर टोपली घेऊन कांजूरहून चालत पवईला येई. टोपलीवर ओले गोणपाट, त्याखाली चिंबोऱ्यांची खुसखुस. आम्ही पोरे तो आवाज ऐकूनच धावत सुटायचो.

ती कशी जगते

चिंबोरीचे आयुष्य मोठे गमतीचे आहे. ते समजले, की तिच्या मागे जाणाऱ्या माणसांचे आयुष्यही समजते.

चिंबोरीचे हाड बाहेर असते. ते म्हणजे तिचे कवच. आपले मूल वाढले की आपण त्याला मोठा सदरा शिवतो. चिंबोरी वाढली की तिला जुने कवच टाकून द्यावे लागते. साप कात टाकतो तसेच. कात टाकल्यावर ती लोण्यासारखी मऊ असते. अंगात नुसते पाणी असते, मांस थोडे. तेव्हा ती बिळात लपून राहते. नवे कवच टणक व्हायला आणि आत मांस भरायला काही आठवडे लागतात.

म्हणून जाणते गिऱ्हाईक चिंबोरी हातात घेऊन जोखते. अंगठ्याने पोट दाबून बघते. दाबले गेले तर पोकळ, नाही दाबले तर भरलेली. आमच्याकडे म्हणतात, अंधाऱ्या पंधरवड्यात चिंबोरी भरलेली असते, चांदण्यात पोकळ. हा जुना समज आहे. आत्या मात्र म्हणायची, "चांदाला नको विचारू, चिंबोरीला विचार." म्हणजे हाताने दाबून बघ.

नर आणि मादी ओळखणे सोपे आहे. चिंबोरी उलटी करा. पोटावर एक झाकण दिसते. ते अरुंद आणि टोकदार असले तर नर. रुंद आणि गोल असले तर मोठी झालेली मादी.

मादी अंडी घालायला खाडी सोडून समुद्राकडे जाते. अंडी पोटाच्या झाकणाखाली चिकटलेली असतात. एका मादीपोटी लाखो अंडी. त्यांतून निघालेली पिल्ले डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी बारीक. ती समुद्रात तरंगतात, रूपे बदलतात, आणि मग खेकड्याच्या आकाराला येऊन खाडीच्या तिवरांत परततात. वाटेत बहुतेक मरतात. लाखांतली फार थोडी मोठी होतात. तेव्हा अंड्यांची मादी मारली, की आपण एक चिंबोरी मारली असे नाही. पुढच्या सालाचे बी आपण आज रांधून खाल्ले, असे ते होते.

आणि ती चिखलात बिळे करते, ती काय फुकट? बिळांतून चिखलाला हवा मिळते. तिवराची मुळे श्वास घेतात. शेतात नांगर चालतो तशी खाडीत चिंबोरी चालते.

हातांचे आणि पायांचे काम

आता ती धरायची कशी?

एक रीत फगाची. गोल कडे, त्याला जाळी, मधोमध माशाचे मुंडके नाहीतर कोंबडीची आतडी बांधायची. होडीतून जाऊन असे दहा-वीस फग पाण्यात सोडायचे. घटकाभराने एकेक झटकन वर ओढायचा. चिंबोरी खाण्यात गुंग असते, ती वर येते. हे काम बहुतेक पुरुषांचे.

दुसरी रीत पायांची. ओहोटी लागली की चिखलात उतरायचे. हातात टोकाला वाकवलेला लोखंडी गज. बीळ बघायचे. बिळाच्या तोंडाशी ताजी माती आहे का, पायांच्या खुणा आहेत का, ते बघायचे. मग गज आत घालून अंदाज घ्यायचा. चिंबोरी गजाला धरते, तिला हळूहळू बाहेर ओढायचे. घाई केली तर नांगी मोडते. नांगी मोडली की भाव मोडला.

आत्या या दुसऱ्या रीतीची. तिच्याकडे होडी नव्हती. नवरा लवकर गेला. दोन मुले पदरात. ती म्हणायची, "चिखलाला डोले असतात. तो तुला बगतो. तू पाय कसा टाकतंस, त्यावर तो तुला सोडतो नायतर धरतो."

तिचे घड्याळ म्हणजे भरती-ओहोटी. ओहोटी रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. आज पहाटे पाचला तर उद्या पावणेसहाला. म्हणून तिची झोप, तिचा स्वयंपाक, पोरांचे न्हाणे, सारे रोज सरकत असे. कारखान्याचा भोंगा रोज एकाच वेळेला होतो. खाडीचा भोंगा चंद्र वाजवतो. उधाणाला पाणी फार मागे हटते, तेव्हा काम जास्त. भांगाला पाणी थोडेच हलते, तेव्हा काम कमी.

चार-चार तास गुडघाभर चिखलात. कालवांच्या शिंपल्या पाय कापतात. आता त्यात काचा आल्या, खिळे आले, शहराची घाण आली. चिंबोरीने बोट धरले तर रक्त काढल्याशिवाय सोडत नाही. आत्याच्या उजव्या हाताचे मधले बोट वाकडे होते. आम्ही विचारले तर हसायची. म्हणायची, "हे माझं सर्टिफिकीट."

धरलेल्या चिंबोरीच्या नांग्या सुतळीने बांधायच्या. हे बांधणे मोठ्या कसबाचे. पायाने तिला दाबून धरायचे आणि दोन फेऱ्यांत गाठ मारायची. मग ओल्या गोणपाटात ठेवायचे. कल्ले ओले राहिले तर चिंबोरी पाण्याबाहेरही पुष्कळ वेळ जगते. पण मेली की लगेच नासते. मेलेली चिंबोरी कुणी घेत नाही. म्हणून ती जिवंत असेतो विकलीच पाहिजे. सुकवून ठेवावी, तर ती काही बोंबील नाही.

ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. माल थांबत नाही. म्हणून विकणाऱ्यालाही थांबता येत नाही. आणि जो थांबू शकत नाही, त्याला व्यापारी बरोबर ओळखतो.

काटा आणि वही

आता तुम्हाला एक घडलेली गोष्ट सांगते.

मी चौथीत होते. १९७८ साल असेल. मे महिन्याच्या सुट्टीत आत्याकडे गेले होते. थोड्या चिंबोऱ्या ती पवईला आणून विकी. पण मोठा माल रोज एका व्यापाऱ्याला देई. तो काट्यावर वजन करी, वहीत लिही आणि आठवड्याने पैसे देई. त्या व्यापाऱ्याचे नाव मी सांगणार नाही. आज तो नाही, आणि नावाशी आपल्याला काम नाही.

त्या दिवशी मी आत्याबरोबर उभी होते. काटा साडेपाच किलोवर थांबला. मी शाळेत नुकतेच वजन-मापे शिकले होते. मला मोठी हौस. मी वाकून वही बघितली. मोठ्याने म्हटले, "आत्या, काटा साडेपाच दाखवतोय. इथे साडेचार लिहिलंय."

सगळे गप्प झाले. व्यापारी हसला. म्हणाला, "पोर लहान आहे. दोरीचं वजन कापलंय मी."

आत्या काही बोलली नाही. ती खाली बसली. तिने एकेक करून दहा चिंबोऱ्यांच्या सुतळ्या सोडल्या. चिंबोऱ्या जमिनीवर पळू लागल्या, कुणी बघितले नाही. त्या सुतळ्यांचा गोळा करून तिने काट्यावर ठेवला. म्हणाली, "बग. तुझी दोरी किती भरली ती मना दाखव."

काटा जागचा हललाही नाही.

व्यापाऱ्याने साडेचार खोडून साडेपाच लिहिले. पुढे काही बोलला नाही.

त्या रात्री आत्या जेवली नाही. ओट्यावर बसून राहिली. मला वाटले, ती खूश असेल. तिने मला जवळ घेतले आणि विचारले, "किती वर्सं झाली गो मना माल घालायला?" मी म्हटले, "तूच सांग." ती बोटे मोजू लागली. चौदा वर्षे झाली होती. रोज एक किलो धरला, तरी चौदा वर्षांचे किती? तो हिशेब तिला करता येत नव्हता. मला येत होता. पण मी तो तिला सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी तिने चुलीतला कोळसा घेतला आणि मला म्हणाली, "एक कसा काढतात ते दाखव." तेव्हा तिचे वय चाळिशीच्या पुढे होते. पाच दिवसांत ती नऊपर्यंत आली. सुट्टी संपेतो काटा वाचू लागली. नाव लिहायला तिला एक वर्ष लागले. पण आकडे आधी. आत्या म्हणायची, "नाव मना ठाव हाय. आकडाच ठाव नव्हता."

पण गोष्ट इथे संपत नाही. संपली असती तर बरे झाले असते. पुढच्या आठवड्यात त्या व्यापाऱ्याने आत्याचा माल घेणे बंद केले. तिच्याबरोबरच्या चौघीजणी म्हणाल्या, "तिचा नाय घेत तर आमचापण नाय." त्या पाचहीजणी माल घेऊन स्वतः बाजारात बसू लागल्या. कधी माल खपे, कधी मरे. आठ दिवस असे गेले. त्यांतल्या एकीने रात्री गुपचूप जाऊन त्यालाच माल दिला. ते उघडकीला आले. बाकीच्या तिच्याशी बोलेनात. आत्या म्हणाली, "तिचा पोर तापानं फणफणलाय. दवाखान्याला पैसं कुठनं आणील? तुम्ही दिलंत का? मी दिलं का?" मग पाचहीजणींनी एक गोष्ट केली. एका डब्यात रोज थोडे पैसे टाकायचे. ज्या घरी आजार, त्या घरी तो डबा. त्यानंतर कुणी रात्री गेले नाही. पुढे तो व्यापारी आपण होऊन आला.

असे दुसरीकडेही घडले आहे. अमेरिकेत चेसापीक नावाची मोठी खाडी आहे. तिथे निळसर खेकडे मिळतात. तिथल्या क्रिसफील्ड नावाच्या गावी बायका कारखान्यांत खेकड्याचे मांस सोलून काढीत. त्यांतल्या बहुतेक कृष्णवर्णीय. १९३८ साली मालकांनी त्यांची मजुरी कापली. बायकांनी संप केला. कित्येक आठवडे त्या उपाशीतापाशी राहिल्या, आणि शेवटी जिंकल्या. आत्याला हे काही ठाऊक नव्हते. क्रिसफील्डच्या बायांना आत्या ठाऊक नव्हती. पण काम सारखे, म्हणून दुखणे सारखे, आणि औषधही सारखेच निघाले.

ताटातली आणि देव्हाऱ्यातली

आता थोडे सणासुदीचे.

चिंबोरी रांधायची म्हणजे घरभर काम. लहान पाय पाट्यावर वाटायचे, त्यांचा रस गाळायचा. त्या रसाने कालवणाला खरी चव येते. मोठ्या कवचात मसाल्याचे बेसन भरून भरलेली चिंबोरी करतात. सर्दी झाली तर आजी चिंबोरीचा तिखट रस्सा पाजते.

भाद्रपदात गौरी येतात. काही घरांच्या गौरी गोडाच्या, काहींच्या तिखटाच्या. कोळी-आगऱ्यांच्या पुष्कळ घरी गौरीला चिंबोरीचा नैवेद्य लागतो. गौर म्हणजे माहेरी आलेली लेक. लेकीला आपल्या घरचे उत्तम तेच वाढायचे. ज्याच्या घरी पुरणपोळी उत्तम, तो पुरणपोळी वाढतो. ज्याच्या घरी चिंबोरी उत्तम, तो चिंबोरी वाढतो. यात उच्च काय आणि नीच काय?

पावसाळ्यात जून-जुलैत मोठ्या यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते. तो माशांच्या विणीचा काळ. मग श्रावणात नारळी पौर्णिमा येते. कोळी समुद्राला नारळ देतात आणि होड्या लोटतात. पण ज्याला मोठी होडी नाही, त्याने त्या दोन महिन्यांत काय करावे? त्याला खाडीच सांभाळते. म्हणून समुद्र बाप आणि खाडी आई, असे आत्या म्हणे. बाप रागावून दार लावून घेतो. आई मागच्या दाराने भाकर देते.

मुंबई हे नाव मुंबादेवीवरून आले. ती कोळ्यांची देवी. एवढे मोठे शहर कोळ्यांच्या देवीचे नाव लावते. पण मासळीची टोपली घेऊन कोळीण गाडीत चढली, की त्याच शहरातले लोक नाक धरतात. मी शाळेत असताना वर्गातल्या मुली माझ्या दप्तराला वास येतो म्हणत. मी घरी येऊन दप्तर साबणाने धुतले. आत्याने ते बघितले. ती एवढेच म्हणाली, "वास गेला. आता वह्या पण ओल्या झाल्या." मी त्या वह्या उन्हात वाळत घातल्या. पुन्हा दप्तर धुतले नाही.

टोपलीतले खेकडे

तुम्ही एक म्हणणे ऐकले असेल. मराठी माणूस टोपलीतल्या खेकड्यासारखा. एक वर चढू लागला की दुसरा त्याला खाली ओढतो. सभेत वक्ते हे सांगतात आणि लोक हसतात.

मला हे पटत नाही. मी टोपलीही बघितली आहे आणि चिखलही बघितला आहे. चिखलात प्रत्येक चिंबोरीचे आपले बीळ असते. तिथे ती कुणाला ओढत नाही. टोपलीत तिला कुणी घातले? माणसाने. जागा नाही, पाणी नाही, अंगावर अंग. मग ती जे सापडेल ते धरते. ती खाली ओढत नाही, ती आधार शोधते.

पण मी खोटेही सांगणार नाही. चिंबोरी चिंबोरीला खाते, हे खरे आहे. कधी खाते? दुसरी कात टाकून मऊ पडली असेल तेव्हा. म्हणून चिंबोऱ्या पाळणारे लोक प्रत्येकीला वेगळा खण देतात. आणि हेही खरे आहे, की मादी कात टाकायला आली, की नर तिला आपल्या पोटाखाली धरून हिंडतो. ती मऊ असेतो तिची राखण करतो. दोन्ही गोष्टी एकाच प्राण्यात आहेत.

आत्याच्या त्या मैत्रिणीचे पोर आजारी पडले, तेव्हा ती मऊ पडली होती. तिला खायचे की राखायचे, हे चौघींच्या हातात होते.

चिखलाला सातबारा नाही

आता सर्वांत मोठी गोष्ट.

ज्याचे शेत आहे त्याच्याकडे सातबारा असतो. ज्याची होडी आहे त्याच्याकडे होडीचा नंबर असतो. जी बाई पायी चिखलात जाते, तिच्याकडे काय असते? तिच्या आईने तेच केले, आजीने तेच केले. पण कागद कुठे आहे? उद्या खाडीवर पूल आला, भराव पडला, नळातून घाण आली, तर नुकसानभरपाईच्या यादीत तिचे नाव कोण घालणार?

काही गोष्टी चांगल्या झाल्या आहेत. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीची तोड आणि तिच्यावर भराव टाकणे थांबवण्याचा हुकूम दिला. २०१८ साली तो कायम केला. २०१२ साली राज्य सरकारने कांदळवनांसाठी वेगळा कक्ष काढला. २०१५ साली ठाण्याच्या खाडीचा काही भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला. २०२२ साली खाडीला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले. त्या यादीला रामसर यादी म्हणतात. पाखरांचे भले झाले, ही आनंदाची गोष्ट आहे. पण पाखरे मोजली जातात, तशी चिखलातली माणसेही मोजली गेली पाहिजेत.

२०२१ सालची एक गोष्ट सांगते. वाशीजवळ खाडीवर तिसरा पूल बांधायचा होता. तिथल्या मच्छीमारांची सहकारी संस्था उच्च न्यायालयात गेली. कोर्टाने त्यांच्या पोटापाण्याचा हक्क मानला. अशा मच्छीमारांना भरपाई देण्यासाठी सरकारने धोरण ठरवावे, असे सांगितले. ध्यानात घ्या, कोर्टात एकटा माणूस गेला नव्हता. संस्था गेली होती. तिच्याकडे सभासदांची यादी होती. यादीत नावे होती. नावापुढे सह्या होत्या.

कुणी म्हणेल, आम्ही पवईचे, आमचा खाडीशी काय संबंध? सांगते. आपला पवईचा तलाव १८९१ साली बांधून झाला. शहराला पाणी पाजायचे म्हणून बांधला. ते पाणी पिण्याजोगे निघाले नाही. भरला की तो मिठी नदीत सांडतो. मिठी माहीमच्या खाडीला मिळते. म्हणजे आपण इथल्या नाल्यात टाकलेली प्लास्टिकची पिशवी माहीमच्या कोळीवाड्यापुढे जाऊन पडते. आणि नदी तुंबली की काय होते, ते २६ जुलै २००५ ला आपण भोगले आहे. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठीच्या काठची किती घरे बुडाली, ती तुम्ही डोळ्यांनी बघितली आहेत. पाण्याला वाट लागते. वाट आपण बुजवतो आणि मग पाण्यावर रागावतो.

आपल्या हातात काय आहे

सिंधुदुर्ग जिल्ह्यात खाडीकाठच्या बायकांनी बचत गट करून चिंबोऱ्या पाळल्या आहेत. सरकारची त्यासाठी योजना आहे. खर्चाचा मोठा भाग सरकार देते, पण गटाने कांदळवन राखले पाहिजे, अशी तिची कल्पना आहे. पोकळ चिंबोरी तीन-चार आठवडे खाऊ घालून भरली, की तिचा भाव वाढतो. भारतातून जिवंत चिंबोऱ्या विमानाने सिंगापूर, चीनपर्यंत जातात. या धंद्यात धोकाही आहे. रोग येतो, बी वेळेवर मिळत नाही, भाव पडतो. कुणी म्हणाले, वर्षात लखपती करतो, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आधी कागद वाचा.

मी तुम्हाला चार गोष्टी सांगून रजा घेते.

पहिली. पोटाला अंडी असलेली मादी आणि तळहातापेक्षा लहान चिंबोरी पाण्यात सोडा. घेणाऱ्यांनीही ती घेऊ नये. घेणारा नाही तर धरणारा नाही.

दुसरी. वजनाचा काटा स्वतः वाचा. आपली वही आपल्या घरी ठेवा. तारीख, वजन, भाव, मिळालेले पैसे, एवढे चार रकाने पुरे आहेत.

तिसरी. सोसायटीत नाव घाला. नवऱ्याचे असले तरी बाईचेही वेगळे घाला. पायी मासेमारी करतो, असे त्यात लिहायला लावा. लिहिलेले वाचून बघा आणि मगच सही करा.

चौथी. नाल्यात कचरा टाकू नका. तो आपलाच कुणी भाऊ पुढे पायाखाली तुडवतो.

माझी आत्या आता नाही. तिची वही माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर कोळशाचे काळे डाग आहेत. आकडे वाकडेतिकडे आहेत. पाच तर उलटाच काढला आहे. पण त्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकाही दिवसाचा किलो चोरीला गेलेला नाही.

आज तुमच्यापैकी काहींनी पहिल्यांदा फळ्यावर नाव लिहिले, असे गुरुजींनी मला सांगितले. उद्या आकडे काढा. परवा काटा वाचा. मग कुणी दोरीचे वजन कापू लागला, तर त्याला दोरी सोडून दाखवा.



वाचून झाल्यावर एकमेकांशी बोला

१. नर आणि मादी चिंबोरी कशी ओळखावी?
२. चिंबोरी विकणाऱ्याला थांबता का येत नाही?
३. व्यापाऱ्याचे म्हणणे खोटे आहे, हे आत्याने कसे दाखवले?
४. पाच बायकांनी डबा का ठेवला? तुमच्या वस्तीत असा डबा ठेवता येईल का?
५. तुमच्या कामाचा कोणता कागद तुमच्याजवळ आहे? कोणता नाही?